आगबोटवाल्याची बायको

“मिस प्रिचर्ड, राष्ट्राध्यक्षांच्या मनात आलं तर ते माझ्या आईला या देशातून वजा करू शकतात का?”

तोंड माझं होतं, प्रश्न माझा नव्हता. डब्याच्या सुट्टीत कॉन्चेता आणि अर्नेस्टाइन या माझ्या दोन जिवलग मैत्रिणींनी पैज घातली होती. विचारला तर आठवडाभर कॉन्चेताच्या डब्यातलं मिरची-अंड्याचं सँडविच अर्धं माझं. नाही विचारला तर इर्मा ओंद्रेयका भित्री, आणि हे अख्ख्या दहावीच्या वर्गात जाहीर. मागच्या वर्षीपर्यंत मी भित्रीच होते. वर्गात उभी राहिले की कान लाल व्हायचे. पण या जानेवारीत वादविवाद स्पर्धेत मी बारावीच्या एका लांबलचक मुलाला गप्प केलं, आणि तेव्हापासून माझं जे तोंड उघडलंय ते मिटायचं नाव घेत नाही, असं आई म्हणते.

प्रश्नात आई कशी आली तेही सांगते. त्या आठवड्यात आमच्या यंगस्टाउनमध्ये दुसरा विषयच नव्हता. कोरियात लढाई चालू असताना संप नको, म्हणून राष्ट्राध्यक्षांनी एप्रिलच्या सुरुवातीला देशभरचे पोलादाचे कारखाने एका हुकमानं सरकारच्या ताब्यात घेतले होते. आणि आदल्याच दिवशी, मंगळवारी, वॉशिंग्टनमधल्या एका न्यायाधीशांनी सांगितलं होतं की असं घ्यायचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना नाही. एवढ्या मोठ्या माणसाला काळा झगा घातलेल्या एका माणसानं ‘नाही’ म्हणावं आणि त्यांनी ते ऐकून घ्यावं, याचं आम्हा तिघींना फार अप्रूप वाटलं. मग आम्ही यादीच करायला बसलो. कारखाना घेता येत नाही, तर घर घेता येतं का? कुत्रा? अर्नेस्टाइनला तिच्या चर्चमधल्या पियानोची काळजी लागली. शेवटी कॉन्चेता म्हणाली, ते सगळं सोडा, त्यांना म्हणावं इर्माच्या आईचं ‘मी इथली’ घेऊन दाखवा.

कारण आमच्या गल्लीत सगळ्यांच्या आया आगबोटीतून आलेल्या. कॉन्चेताची आई नेपल्सहून, शेजारची क्रोएशियातून. माझी आई तेवढी इथं जन्मलेली, कारखान्यापासून तीन गल्ल्यांवर, १९०२ साली. तिचे आईवडील स्लोवाकियातून आलेले, पण तिनं स्वतः कधी आगबोटीत पाय ठेवलेला नाही, आणि हे ती कुणाला विसरू देत नाही. बाबा सोळाव्या वर्षी ब्रेमेनहून तेरा दिवस जहाजाच्या तळाशी ओकत आले. त्यामुळे घरात त्यांचं नाव आगबोटवाला. बाबांनी काट्यानं बटाटा उलटा उचलला तरी आई म्हणणार, “आगबोटवाल्या, इथं असं खात नाहीत.” त्यावर बाबांचं ठरलेलं उत्तर, “मी तिकीट काढून आलोय. तू फुकटात आलीस.”

तर वर्ग हसला. मिस प्रिचर्ड हसल्या नाहीत. त्या बुटक्या आहेत, त्यांचे आजोबा वेल्समधून खाणीत काम करायला आले होते, आणि वाईट प्रश्न असा नसतोच हे त्यांचं म्हणणं. त्यांनी सांगितलं, नाही, राष्ट्राध्यक्ष कितीही चिडले तरी ते त्यांच्या हातात नाही. मी खाली बसले, कॉन्चेताकडे सँडविच मागितल्यासारखी बोटं नाचवली. पण मिस प्रिचर्ड खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

“पण काँग्रेसनं एकदा हजारो बायकांना वजा केलं होतं,” त्या म्हणाल्या. “साल लिहून घ्या.”

त्यांनी फळ्यावर १९०७ लिहिलं. त्या वर्षी काँग्रेसनं, म्हणजे आमच्या संसदेनं, असा कायदा केला, की अमेरिकन बाईनं परक्या देशाच्या माणसाशी लग्न केलं की ती त्याच्या देशाची. इथं जन्मलेली असली तरी. अमेरिकन पुरुषानं परकी बायको केली तर त्याचं काहीच जात नव्हतं. मग त्यांनी १९२२ लिहिलं. त्या वर्षी नव्या लग्नांपुरता तो कायदा गेला. पण मधल्या पंधरा वर्षांत ज्यांचं गेलं होतं, त्यांचं आपोआप परत आलं नाही.

माझा हात पुन्हा वर गेला. या वेळी पैज नव्हती. मी विचारलं की त्या बायकांना कुणी कळवलं होतं का.

“नाही, इर्मा. अशा गोष्टींचं पत्र येत नाही.”

तो तास कधी संपला मला माहीत नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या स्वयंपाकघराची भिंत होती.

त्या भिंतीवर, चुलीच्या वर धूर लागणार नाही इतक्या उंचीवर, दोन चौकटी आहेत. एकीत आईबाबांच्या लग्नाचा फोटो, खाली फोटोवाल्याचा शिक्का आणि तारीख, ऑक्टोबर १९२०. दुसरीत बाबांचा नागरिकत्वाचा दाखला, मे १९३८. दाखल्याची गोष्ट मी शंभरदा ऐकलीय. वर्षभर रोज जेवणानंतर आई टेबलाच्या एका बाजूला पुस्तक घेऊन बसायची आणि बाबांना प्रश्न विचारायची. सिनेटर किती? काँग्रेसचा कायदा राष्ट्राध्यक्षांनी नाकारला तर पुढं काय? उत्तर चुकलं तर कॉफी नाही. शपथ तर तिनं त्यांच्याकडून इतक्यांदा म्हणून घेतली की तिलाच पाठ झाली. दोन्ही चौकटी मी दर शनिवारी पुसते. दोन तारखा कित्येक वर्षं माझ्या फडक्याखालून गेल्या आणि मी कधी एकातून दुसरी वजा केली नाही. अठरा वर्षं. आईनं आगबोटवाल्याशी लग्न केलं तेव्हा तो अजून आगबोटवालाच होता. आणि ते लग्न त्या पंधरा वर्षांच्या आतलं होतं.

घरी आले तेव्हा बाबा परसात वाफे खणत होते. न्यायाधीशांच्या निकालानंतर संप लागला होता, बाबांच्या कारखान्याच्या भट्ट्या थंड होत होत्या, आणि रिकामे हात त्यांना सोसत नाहीत. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्याला ते सांगत होते की राष्ट्राध्यक्षांनी आपल्या भल्यासाठी केलं होतं, आणि भल्याच्या कामात नियम कसला आडवा येतो. आत आई मंगळवारची टोपी ब्रशनं साफ करत होती. पुढच्या मंगळवारी पक्षाचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक होती. प्रत्येक निवडणुकीला आई ती निळी टोपी घालते, खसखशीचा गोड रोल भाजून ताटात घेते आणि बंबखान्यात मतदान सुरू व्हायच्या आधी दारात उभी असते. ताट धरायला मी, चार वर्षांची होते तेव्हापासून. पहिलं मत आईचं, पहिला तुकडा चिठ्ठ्या देणाऱ्या बाईंचा.

मी काहीच बोलले नाही. मी, जिचं तोंड मिटत नाही ती. आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी अर्नेस्टाइनला घेऊन काउंटीच्या कोर्टात गेले. ती वाटेत म्हणाली, खरं निघालं तर काय करशील ते आधी ठरव, कारण तू प्रश्न विचारायला हुशार आणि उत्तर ऐकायला कच्ची आहेस. खिडकीमागे चष्मा साखळीला बांधलेल्या एक वयस्क कारकून बाई होत्या. मी त्यांना सांगितलं की माझ्या या मैत्रिणीच्या स्लोवाक मावशीबद्दल विचारायचंय. अर्नेस्टाइन गोरी नाही आणि मावशी स्लोवाक, हे माझ्या लक्षात यायच्या आत बाईंच्या लक्षात आलं होतं. पण त्यांनी भुवईसुद्धा हलवली नाही. लग्नाचं साल विचारलं, नवऱ्याच्या दाखल्याचं साल विचारलं, मावशी मध्ये कधी देश सोडून गेली का विचारलं. मग एक जाडं पुस्तक काढून बोटानं ओळ शोधली.

त्यातून जे निघालं ते ऐकून मला हसावं की चिडावं कळेना. १९४० साली काँग्रेसनं ठरवलं की अशा बायका, इथंच राहिलेल्या असतील तर, नागरिक समजायच्या. मात्र कोर्टात येऊन शपथ घेईपर्यंत त्यांना नागरिकाचा एकही हक्क नाही. म्हणजे आई नागरिक आहे, पण नाही. ताट तुमचंच, पण हात लावायचा नाही.

आणि तिनं मत दिलं तर? हे मी शक्य तितक्या सहज विचारलं.

बाई म्हणाल्या की त्या काही वकील नाहीत. तरी त्यांच्या समजुतीप्रमाणे, आजवर नकळत झालं ते झालं, कळल्यावर केलं तर मात्र तो गुन्हा. त्यांनी एक कोरा अर्ज खिडकीतून सरकवला. बाप्तिस्म्याचा दाखला हवा, लग्नाचा हवा, दहा मिनिटांचं काम.

“तुझ्या मैत्रिणीच्या मावशीला सांग,” त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “मंगळवारच्या आधी आली तर बरं.”

आता माझी पंचाईत तुमच्या लक्षात आली असेल. आईला कळलं नाही तर ती मंगळवारी नेहमीसारखी मत देणार आणि निर्दोष राहणार. मी सांगितलं तर तेच मत गुन्हा होणार. म्हणजे गुन्हा तिच्या चिठ्ठीत नव्हता, माझ्या तोंडात होता. आणि कारखान्यांत, शाळांत कोण कुठून आलं, कुणाचे कागद खरे, हे उकरून काढायचे दिवस होते ते. आमच्याच चर्चमधल्या एका सुताराला दोन सरकारी साहेब येऊन तीन तास विचारत बसले होते.

शुक्रवारी बाबा कांद्याची रोपं लावत होते. संप मिटवून माणसांना परत बोलावलं होतं, त्यांची पाळी शनिवारी पहाटेची होती. मी रोपं एकेक हातात देत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते फावडं टाकून नाचतील. बत्तीस वर्षं जिनं आगबोटवाला म्हणून छळलं, तीच परकी आणि आपण पक्के. पण बाबा वाफ्याच्या कडेला बसले. ते अंगठ्यानं माती दाबत राहिले.

“म्हणजे माझ्यामुळं गेलं तिचं,” ते म्हणाले.

मी म्हटलं, तुमच्यामुळं नाही, काँग्रेसमुळं.

“काँग्रेसशी नव्हतं केलं तिनं लग्न.” मग त्यांनी माझ्या हातातली रोपं काढून घेतली. “तिला सांगायचं नाही, इर्मा. न कळता देऊ दे मत. कुणाचं काय बिघडतंय? तिच्या भल्याचंच आहे.”

हे वाक्य मी दोन दिवसांपूर्वी कुंपणापाशी ऐकलं होतं, तेव्हा ते राष्ट्राध्यक्षांबद्दल होतं. मी तसं म्हणाले. बाबा म्हणाले, वादविवाद शाळेत कर, घरात नको. मी म्हटलं, वाद नाही घालत, खरंच विचारतेय. काँग्रेसनं तिच्या पाठीमागं ठरवलं की ती कुणाची. आता तिच्या पाठीमागं तिनं काय जाणून घ्यायचं ते आपण दोघं ठरवणार. मग आपल्यात आणि काँग्रेसमध्ये फरक काय? बाबांनी एक रोप उलटं लावलं, मुळं वर. ते मी सरळ केलं. सांगू नकोस असं मात्र ते पुन्हा म्हणाले नाहीत.

शनिवारी चौकटी पुसायचा दिवस. मी नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसत राहिले. आई म्हणाली, काच झिजेल. बिस्किटांच्या जुन्या डब्यातून मी तिचे दोन्ही दाखले काढून माझ्या भूगोलाच्या वहीत ठेवले.

रविवारी चर्चहून आल्यावर सूप झालं, कोंबडी झाली. आईनं टेबलाच्या कडेला खसखस दळायचं लोखंडी यंत्र आवळून बसवलं, मंगळवारच्या रोलची तयारी. ती हात फिरवत होती, मी वरून खसखस घालत होते, बाबा कॉफी ढवळत होते. बाबांची साखर सांडली. आई म्हणाली, आगबोटीत चमचे नव्हते वाटतं. नेहमीचं उत्तर आलं नाही. बाबा कपात बघत राहिले.

आईनं हात थांबवला. ती भोळी असेल, आंधळी नाही. तिनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “कोण मेलंय?” तिनं विचारलं.

मग मी सांगितलं. उभी राहून नाही, वर्गातल्यासारखं नाही. यंत्रात खसखस घालत घालत सांगितलं, म्हणजे मला वर बघावं लागलं नाही. १९०७, १९२२, १९४०, खिडकीतल्या बाई, मैत्रिणीची मावशी, सगळं. आणि शेवटी हेही की आता तुला कळलंय, म्हणून मंगळवारी तसंच मत दिलंस तर तो गुन्हा होईल, आणि त्याला कारण मी.

आईनं कमरेच्या एप्रनला हात पुसले आणि खुर्चीवर चढून दोन्ही चौकटी खाली काढल्या. टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. फोटोवरच्या शिक्क्यावर बोट ठेवलं, मग दाखल्यावरच्या तारखेवर. मी केली होती तीच वजाबाकी ती करत होती. भिंतीवर दोन फिकट चौकोन उरले.

“वर्षभर या टेबलावर बसून प्रश्न मी विचारत होते,” ती शेवटी म्हणाली. “पास मात्र हा झाला.”

बाबा म्हणाले, “झोफिया, मला माहीत असतं तर.”

“तर काय? लग्न केलं नसतंस?”

“थांबलो असतो.”

“अठरा वर्षं?” आई म्हणाली. “इतका काही तू देखणा नव्हतास.”

मला वाटलं आता हसतील आणि संपेल. पण आईचा चेहरा हसण्याच्या बाजूला गेलाच नाही. तिनं यंत्राचा दांडा पुन्हा धरला आणि हळू आवाजात सांगितलं की ती शपथबिपथ घेणार नाही. शपथ येणाऱ्यानं घ्यायची असते. ती कुठून आलेली नाही. आणि त्या शपथेत परक्या राजांशी आणि सरकारांशी नातं तोडायचं असतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत आहे. “मी कुठल्या राजाला सोडू? माझ्याकडे राजा होता कधी? ज्यांनी नेलं त्यांनी आणून द्यावं, दारात, टोपी काढून.” तोवर ती मंगळवारी जाणार, जशी दर वेळी जाते. पकडायचं त्यांनी पकडावं.

बाबा म्हणाले की तिचं बरोबर आहे. मग म्हणाले की तिनं जाऊ नये. मग म्हणाले की त्यांना काही कळत नाही, त्यांनी पोलाद वितळवावं हेच खरं. आई त्यांना गप्प करून माझ्याकडे वळली. मला ओरडा बसणार असं वाटलं.

“त्या खिडकीतल्या बाईनं,” तिनं विचारलं, “किती वेळ लागतो म्हणून सांगितलं?”

“दहा मिनिटं.”

“तुझ्या बाबांना पाच आठवडे लागले होते शपथ पाठ करायला,” ती म्हणाली आणि पुन्हा दळू लागली. पण यंत्रातली खसखस कधीच संपली होती. दांडा रिकामाच फिरत होता.

तो रिकामा आवाज ऐकताना मला एकदम कळलं की शपथ घ्यायची की नाही हे मी तिच्यासाठी ठरवायचं नाही. राष्ट्राध्यक्षांनी नाही, काँग्रेसनं नाही, बाबांनी नाही आणि वादविवाद जिंकणाऱ्या मुलीनंही नाही. पण माझ्यापुरतं मी ठरवू शकत होते. मी भूगोलाची वही आणून टेबलावर ठेवली. त्यातून दोन दाखले आणि तो अर्ज काढले आणि दोन्ही चौकटींच्या मध्ये सरळ लावून ठेवले.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” मी म्हटलं. कान लाल झाले नाहीत. “उद्या मी शाळेत जाणार नाही. हे कागद घेऊन सकाळी आठला कोर्टाच्या पायऱ्यांवर बसणार आणि पाचला खिडकी बंद होईपर्यंत बसणार. आई, तू आलीस तर आपण दोघी वर जाऊ, आणि तू शपथ म्हणताना मी शेजारी उभी राहीन, हवं तर राजाचा शब्द तू मनातल्या मनात हसत म्हण. नाही आलीस तर मी घरी येईन आणि एक शब्द बोलणार नाही. पण मग मंगळवारी ताट मी धरणार नाही.”